नानांना पत्ते बघायचे होते

पोकरच्या डावात पाचवा पत्ता उघडला तेव्हा माझ्या मावसभावाकडे काहीही नव्हतं. हातात बदामाची राणी आणि बदामाचा गुलाम. खाली सतरंजीवर, सगळ्यांना सामाईक, एक्का, राजा, छक्की, दुर्री आणि नव्वी. हातातले धरून पाच बदाम जमायला हवे होते, आणि खालच्या पाचांत बदाम दोनच होते. तिसऱ्याची वाट बघत तो शेवटपर्यंत आला आणि तिसरा काही आला नाही. तरीही मध्ये पडलेल्या चोवीस चिंचोक्यांपुढे त्याने आणखी बारा चिंचोके शांतपणे सरकवले. आमच्याकडे चिंचोका पाच रुपयांचा, म्हणजे एकशेवीसच्या डावावर साठ. पुण्यात राहून तो पोकर शिकलाय आणि मन लावून शिकलाय. पहिल्या फेरीपासून तो हातात एक्का असल्यासारखाच खेळला होता, दर फेरीला रक्कम चढवत, कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. समोर फक्त नाना उरले होते, माझे थोरले काका. नानांनी आपले दोन पत्ते पुन्हा एकदा कोपऱ्यातून वर करून पाहिले, टोपी मागे सारली आणि बारा चिंचोके पुढे लोटले. त्यांच्या हातात चौक्यांची जोडी होती. खाली एक्का आणि राजा पडलेला, समोरचा माणूस तीन वेळा रक्कम लावतोय, आणि हातात चौक्या! डाव नानांचा झाला. ‘‘नाना, एवढ्याशा जोडीवर तुम्ही आलात कसे?’’ मावसभावाने विचारलं. चिडून नव्हे, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. नाना चिंचोके ओढून घेत म्हणाले, ‘‘माले तुना पत्ता देखाना व्हतात.’’

सगळे हसले, पत्ते पिसले गेले, पुढचा डाव वाटला गेला. मी मात्र त्या उत्तरापाशीच थांबले. मला तुझे पत्ते बघायचे होते. एवढंच. जिंकायचं होतं असं ते म्हणाले नाहीत, तू खोटं खेळतोयस हे मी ओळखलं असंही म्हणाले नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींनी निंबाच्या झोक्यावर असावं आणि गड्यांनी ओट्यावर पत्त्यांत, ही आमच्या खानदेशातल्या गावाची जुनी वाटणी. मी दोन्हीकडे असते. सकाळी घागर पुजायची, तिच्यावर डांगर (म्हणजे खरबूज), आंबे आणि सांजोऱ्या ठेवायच्या, मग खापरावरच्या पुरणपोळ्या आणि परातभर आमरस. जेवणं आटोपली की बाहेर ऊन असं पेटलेलं असतं, की बोरी नदीच्या वाळूत पाय टाकवत नाही. पण आमच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात तेव्हाही मातीचा गारवा टिकून असतो. तिथेच सतरंजी पडते. पोरी संध्याकाळपर्यंत झोक्याकडे फिरकत नाहीत आणि मी पत्त्यांत बसते. सुरुवातीला कुणाला तरी ते खटकलं असेल, पण आमच्या आजीने ‘बसू दे तिले’ म्हटलं आणि विषय तिथेच संपला. हात कितीही धुतले तरी बोटांना आमरसाचा वास राहतो आणि दोन-तीन डावांत तो पत्त्यांना लागतो. खेळणाऱ्यांच्या मागे चुलत भावांची लहान पोरं पत्त्यांत डोकावत उभी असतात आणि कुणाच्या हातात काय आहे ते त्यांच्या चेहऱ्यावर आधी उमटतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही. ते नियमाबाहेरचं वाटतं मला.

तीन पत्ती आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची. पोकर आलं ते मावसभावाच्या बॅगेतून. पण म्हाताऱ्या माणसांनी ते फार लवकर आपलंसं केलं, आणि त्याचं कारण मला वाटतं खालचे पाच पत्ते. तीन पत्तीत सगळं झाकलेलं. ब्लाइंड खेळणाऱ्याला अर्धीच चाल, पाहून खेळणाऱ्याला दुप्पट, आणि शो होईपर्यंत कुणालाच काही दिसत नाही. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात, त्यातल्या १६,४४० हातांत साधी जोडीही नसते. म्हणजे चारपैकी तीन वेळा माणूस हवेवरच बसलेला असतो आणि समोरचाही तसाच असतो. पोकरमध्ये निदान पाच पत्ते सगळ्यांसमोर उघडे पडतात. ‘हाई बरं शे,’ नाना पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘अर्धं तरी दिखस.’

घरच्या डावात, नवख्यांसमोर कसं खेळावं याचं उत्तर तसं साधं आहे. शिकून आलेल्या माणसाला मात्र तेच पाळायला सगळ्यात जड जातं. ब्लफ मारू नये. ब्लफ म्हणजे समोरच्याला सांगितलेली गोष्ट: माझ्याकडे एक्का आहे, बघ, पहिल्यापासून मी तसाच खेळतोय. ती पोहोचायची तर समोरचा माणूस तुमच्या पत्त्यांचा विचार करणारा लागतो. नवखा माणूस स्वतःच्याच दोन पत्त्यांत बुडालेला असतो. त्याच्याकडे जोडी आहे, जोडी चांगली असते, मग तो येणारच. मावसभावाने तीन फेऱ्या उत्तम गोष्ट सांगितली, पण नाना ती ऐकतच नव्हते. तेव्हा नवख्यांसमोर खेळायचं ते चांगल्या हातावर, आणि चांगला हात आला की रक्कम मोठी लावायची, जराही न लाजता. ते पटकन हात सोडत नाहीत, ही त्यांची एकच गोष्ट तुम्हाला पैसे मिळवून देते. त्यांना घाबरवून पळवण्यात पैसे नाहीत. ते थांबतात, त्यात आहेत.

यातला हिशेब मला आवडतो, हे मोकळेपणाने सांगते. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. एकट्या माणसासमोर ती शंभरातल्या सुमारे ८५ वेळा जिंकते. पण आमच्या सतरंजीवर पाच जण मिळेल ते पत्ते धरून शेवटपर्यंत येतात, आणि पाच जणांपुढे तीच जोडी निम्म्याहून किंचित कमी वेळा जिंकते. म्हणजे हातात एक्के असूनही हरण्याचीच शक्यता थोडी जास्त. म्हणून पुस्तकातली तिप्पट वाढ, म्हणजे सुरुवातीच्या रकमेच्या तिप्पट लावणं, आमच्या घरी उपयोगाची नाही, तिप्पटीला कुणी हलत नाही. सहा-सातपट लावली की निदान दोघे पत्ते टाकतात आणि जे राहतात ते जास्त पैसे घालून राहतात. उलट सगळेच येणार असं दिसत असेल, तर राजा-गुलामासारखे दिसायला देखणे, पण वेगवेगळ्या रंगांचे पत्ते टाकून द्यावेत. स्वस्तात मिळत असेल तर छक्कीची जोडी धरावी, कारण तिसरी छक्की खाली पडली तर पाचही जण आपापल्या हातावर पैसे देतात. खालच्या पहिल्या तीन पत्त्यांत ती साधारण साडेआठ वेळांत एकदा पडते. बाकी वेळा हात मुकाट्याने सोडायचा. वाटणाऱ्याच्या जागेवर असलो तर जास्त हात खेळायचे, कारण सगळे बोलून झाल्यावर आपण बोलतो. वाटणाऱ्याच्या लगेच डावीकडे असलो तर कमी.

आणि रंगाच्या मागे धावणारे. चार बदाम जमले, पाचवा हवा. दोन पत्ते उघडायचे बाकी असतील तर तो येण्याची शक्यता ३५ टक्के, एकच उरला असेल तर जेमतेम २०. नवख्याला हे आकडे ठाऊक नसतात आणि ठाऊक करून घ्यायचेही नसतात. चार बदाम हातात आलेत म्हणजे देवाने काहीतरी सुचवलंय, असं त्याला वाटतं. त्याच्यासमोर भक्कम जोडी घेऊन बसलेल्याने मध्ये जितके आहेत तितके पूर्ण लावावेत. तो येतो. एकच पत्ता उरला असताना पाचपैकी चार वेळा बदाम येत नाही. पाचव्या वेळी येतो, सगळं घर ओरडतं, झोक्याकडच्या बायकाही काय झालं म्हणून डोकावून जातात, आणि त्या वेळी तुम्ही हसून पत्ते पुढे सरकवायचे असतात. हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा महत्त्वाचं वाटतं. हरल्यावर जो माणूस ‘असं कुणी खेळतं का’ म्हणतो, तो बैठक मोडतो. थोरल्यांना त्यांच्याच ओट्यावर खेळ शिकवायला जाणं हा तर उद्धटपणाच. शिकवायचं असेल तर रात्री धाब्यावर, त्यांनी विचारलं तर.

नवख्यांमध्ये एक माणूस मात्र वेगळा असतो. आमच्याकडे ती वहिनी. सणाची भांडी आवरून ती उशिरा येऊन बसते, पदर खोचलेला, एक कान स्वयंपाकघराकडे. डावामागून डाव पत्ते टाकत राहते. कधी आलीच तर नुसती चालीला चाल, स्वतःहून कधी वाढवणार नाही. आणि मग एखाद्या डावात, कुणाकडेही न बघता, ती समोरच्याच्या दुप्पट लावते. तेव्हा हातात राजाची जोडी असली तरी मी सोडते. मुकाट खेळणारा नवखा माणूस अचानक वाढवतो तेव्हा त्याच्याकडे ते असतंच. त्याला खोटं खेळायचं सुचत नाही, सुचलं तरी धीर होत नाही. मावसभावाला हे पटत नाही. तो वहिनीला दर आखाजीला पैसे देतो.

तर असं सगळं मला येतं, आणि यातलं बरंचसं समोरच्यांना येत नाही. संध्याकाळी माझ्यापुढे चिंचोक्यांचा ढीग असतो आणि तो कुणाच्या पुढून आलाय हे मला नीट माहीत असतं. फोनवर खेळणाऱ्या भाच्याला तो प्रश्न कधी पडत नव्हता. समोर कोण आहे हेच दिसत नसे. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत झाला आणि त्याचं ते एकदाचं सुटलं, याचा मला आनंद आहे. झन्नामन्नाच्या अड्ड्यांवर धाडी पडल्याच्या बातम्या तर आखाजीच्या मागेपुढे पेपरात असतातच, त्याही १८८७च्या जुन्या कायद्याखालच्या. आमच्या सतरंजीवरचा डाव त्यातला नव्हे, पण तो त्या टोकाला जाऊ शकतो हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आजीच्या माहेरी एकाने आखाजीच्या डावात बैलजोडी लावली होती. दुसऱ्या दिवशी गोठ्यात नुसत्या दावणी. आजी हे सांगताना हारणाऱ्याचं नाव घेत नसे, बैलांची नावं घेत असे.

म्हणून दोनशे रुपये, चाळीस चिंचोके, एकदाच. संपले की उठून झोक्याकडे जायचं. हा नियम आजीनेच घातला, आणि तोही एका नेमक्या माणसाकडे बघून. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं. हिशेब होतो, नवं साल ठरतं, वर्षभर कधी नसतात इतके पैसे त्या दिवशी त्याच्या खिशात असतात. आमचा सालदारही सतरंजीवर बसतो, आणि तो ज्या धिटाईने खेळतो ती पाहून पोटात कालवतं. घरच्या डावातली पहिली चाल पत्ते वाटण्याआधीच खेळली जाते, असं मला आता पक्कं वाटतं: सर्वांत कमी ऐपतीचा माणूस जितकं हरून रात्री नीट झोपेल, तितकीच रक्कम. तेवढं झालं की मग माझा सगळा हिशेब मला मोकळ्या मनाने वापरता येतो.

पण नाना काही पैशांच्या भीतीने चुकत नाहीत. नाना शेतकरी आहेत. जोखमीत ते नवखे नाहीत.

२०२२च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर होता तेव्हा त्यांचा माल विकून झाला होता. पुढच्या हंगामात खानदेशात घरोघर लोकांनी कापूस भरून ठेवला, तसा त्यांनीही ठेवला. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली. दार उघडलं की सरकीचा कोंदट, तेलकट वास अंगावर यायचा, पोरांच्या अंगाला खाज सुटायची, म्हणून सगळं घर धाब्यावर झोपायला जायचं. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, होळी गेली. दर आठवड्याला कुणीतरी सांगायचं की अजून थांबा. आणि दर आठवडा थांबल्यावर आता विकणं आणखी अवघड व्हायचं, कारण इतकं थांबून झालेलं होतं. उन्हाळा आला तेव्हा भाव सात हजारांच्या आसपास घुटमळत होता. वहिनीने पहिल्याच भावात निम्मा विकायला लावला होता, म्हणून खतांची उधारी तरी फिटली.

जिनिंगवर नानांबरोबर मी एकदा गेले आहे. व्यापाऱ्याने गाडीत हात घालून मूठभर कापूस उपसला, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून धागा बघितला, ओल किती ते बोटांनी चाचपलं आणि भाव सांगितला. नानांनी विचारलं, ‘काल तं जास्त व्हता?’ तो म्हणाला, काल काल होता. त्याच्या फोनमध्ये कुठला भाव दिसत होता, गाठींना पुढे किती मिळत होते, सरकीचे किती, तो कुणाशी बोलून आला होता, यातलं काही नानांना दिसत नव्हतं आणि दिसण्याची सोयही नव्हती. बैलबाजारात तर सौदाच उपरण्याखाली बोटांनी होतो. जूनमध्ये पेरताना आभाळाचे पत्ते झाकलेले, पाऊस दडी मारून बसला की दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा तेवढीच रक्कम, आणि तीही न बघता. विकलं तरी समोरच्याकडे काय होतं ते कळत नाही, थांबलं तरी कळत नाही. तो भाव का पडला हे तीन वर्षांनीसुद्धा नानांना कुणी नीट सांगितलेलं नाही.

आणि इथे, सतरंजीवर, साठ रुपये दिले की समोरच्याला पत्ते उलटे करावेच लागतात. तो नियम आहे.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी परतीच्या गाडीत होते आणि हातातला डबा, आईने दिलेल्या सांजोऱ्यांचा, तसाच मांडीवर राहिला. नवखे लोक हात सोडत नाहीत, त्यांना उत्सुकता आवरत नाही, तिचे पैसे घ्या, असं सगळी पोकरची माणसं सांगतात आणि खरंच सांगतात. माझा सगळा खेळ त्यावर उभा आहे. पण नानांची ती उत्सुकता कुठून आली हे कळल्यावर तिचे पैसे घेताना हात थोडा जड होतो, हेही खरं. शिवाय तो डाव मी कागदावर मांडून पाहिला. मध्ये एकशेवीस, मावसभावाचे साठ, नानांना साठ देऊन एकशेऐंशी मिळणार. चार वेळांतून एकदा जरी तो खोटं खेळत असेल, तर नानांना येणं परवडतं. आणि बाजूला बसून मला दिसत होतं, की तो त्याहून जास्त वेळा खोटं खेळत होता. लहानपणी आंबे चोरून ‘मी नाही’ म्हणणारं ते पोरगं नानांनी अंगणात वाढताना पाहिलंय. चौक्यांची जोडी तिथे पुरेशी होती.

मग मी एक ठरवलं. पोकरमध्ये समोरच्याने पत्ते टाकले, की जिंकणाऱ्यावर आपले दाखवायचं बंधन नसतं, आणि शहाणा माणूस फुकट काही दाखवत नाही. समोरच्याला जितकं कमी कळेल तितकं बरं. नानांनी पत्ते टाकले की मी आता माझे दाखवते. दर वेळी. एक्क्याची जोडी होती, बघा. तिसरी नव्वी होती, बघा. ते वाकून बघतात, मान हलवतात, ‘बरं झालं टाकात’ म्हणतात. याचा परिणाम मला अपेक्षित होता त्याहून लवकर झाला. बघायला पैसे द्यावे लागत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पैसे देणं कमी केलं. गेल्या आखाजीला त्यांनी गुलामांची जोडी माझ्या तीन दश्श्यांसमोर टाकली. तोच हात ते पूर्वी शेवटच्या चिंचोक्यापर्यंत खेळले असते. वहिनी माझ्याकडे बघून हसली. माझं जिंकणं त्याने घटलंय आणि ते मला जाणवतं, कारण मला जिंकायला आवडतं.

मावसभाऊ म्हणतो, नाना आता पत्ते टाकायला शिकलेत, माझ्या रकमेवर विश्वास ठेवायला लागलेत, म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आता त्यांना ब्लफ मारता येईल. हिशेबाने त्याचं अगदी बरोबर आहे. मी त्याला म्हटलं, मारायचा असेल तर तू मार, पण मग पत्ते दाखव त्यांना.